मांजराचं वेड

डबा उघडला आणि आंबूस वास खोलीभर पसरला. फिल्म कुजायला लागली होती. नावाची पट्टी आणि सुरुवातीचा तुकडा चिकटून पार गोळा झाला होता. उरलेलं रीळ मशीनमधून जेमतेम एकदा जाईल, असं भाचीला वाटलं आणि झालंही तसंच. चित्रं कॉम्प्युटरवर उतरली, रिळाचा मात्र भुगा झाला.

कार्टून मामांचं होतं. थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायची असली कार्टूनं त्यांनी उभा जन्म काढली आणि स्टुडिओच्या आगीत सगळी गेली. हे एकच एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर सापडलं. "माझं म्हणून मागे काही उरलं नाही," हे मामांचं पालुपद भाची लहानपणापासून ऐकत आली होती. आता त्यांची नजरही झपाट्याने जात होती. आज दिसतंय ते उद्या दिसेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तिचा जीव टांगणीला लागला. जे काही करायचं ते आत्ताच.

मामांना आधी काही सांगायचं नाही, थेट दाखवायचं, असं तिने ठरवलं. घरात कुणी तोंड उघडलं तर खबरदार, असा दमही भरला.

मग साफसफाई सुरू झाली. ओरखडे, बुरशी, डाग. धुळीचे ठिपके तर महा चिवट. एक पुसावा, तर पुढच्या चित्रात जरासा सरकून पुन्हा हजर. ती डोळ्यांत तेल घालून बसायची. ताट गार व्हायचं. माझ्यावरही धूळ साचलीय, जमलं तर बघ, असं नवरा म्हणायचा. तिला हसायलाही सवड नव्हती. तिकडे आवाजवाल्याने खरखर, गुणगुण सगळी काढून वाद्यं लख्ख करून ठेवली.

गोष्ट एवढीशी. स्वयंपाकघरात झोपलेलं एक गलेलठ्ठ मांजर दचकून उठतं आणि हवेत पंजे मारत सुटतं. बशा फुटतात, पडदे फाटतात. शेवटी ते स्वतःच्याच नाकावर तवा हाणून घेतं.

"याला झालंय तरी काय?" आवाजवाल्याने विचारलं.

"वेड लागलंय," भाची म्हणाली. "मामांचं डोकं असंच चालतं."

भाचीच्या लॅबचे साहेब तर बेहद्द खूश झाले. निष्कारण धावाधाव म्हणजे आपल्या सगळ्यांचं आयुष्यच की, हा माणूस काळाच्या पुढे होता, वगैरे बरंच बोलले. मग पुढच्या कामाला जागा हवी म्हणून साफसफाईआधीची कॉपी त्यांनी पुसून टाकायला लावली.

दाखवायच्या दिवशी तिने मामांना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर आपलं मांजर बघून त्यांचा चेहरा असा फुलला की तिला भरून आलं. घरची मंडळी पोट धरून हसत होती. मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा काढून पुसला. पुढे वाकून बघत राहिले. दिवे लागले तेव्हा त्यांचा हात तिचा हात शोधत होता.

"कसं झालंय, मामा?"

"गेले गं डोळे माझे," मामा हळूच म्हणाले. "मांजर दिसलं, तवा दिसला. पण ते जिच्या मागे धावतंय ती माशी काही शेवटपर्यंत दिसली नाही."