बुधवारचा मुहूर्त

जनरल वोरपोत गॉल्फच्या कपड्यांत आले आणि गुरुजींसमोर चटईवर बसले. सोबत लोंगानच्या फळांची पाटी. रक्षक बाहेर गाडीत.

"घरात झाडू मारायचाय, गुरुजी. चांगली वेळ काढून द्या."

"घर कोणाचं?"

"सगळ्यांचंच."

"मोठं दिसतंय."

"मोठं आहे. फार घाण केलीय लोकांनी. मतं देऊन देऊन."

खमपन गुरुजींनी पंचांग उघडलं. चियांग माईत सेनेतल्या लोकांना मुहूर्त काढून देणारे ज्योतिषी बरेच होते, पण वोरपोत कर्नल होते तेव्हापासून इथेच येत. बढती, मुलाचं लग्न, नवं घर, हृदयाची शस्त्रक्रिया. प्रत्येक वेळी.

"बुधवार," गुरुजी म्हणाले. "सूर्य मावळला की लगेच."

"बुधवारची रात्र राहूची ना?"

"राहू धाडसी माणसाला साथ देतो."

जनरलांनी हात जोडून चटईला डोकं टेकवलं आणि ते गेले.

पडद्यामागून गुरुजींची बायको बुआचुम बाहेर आली. "काय दिलंत?"

"त्याच्या पत्रिकेतली सगळ्यांत वाईट वेळ. त्या वेळी हा माणूस नुसता दाढी करायला बसला तरी गळा कापून घेईल. रणगाडे काढले तर उजाडेपर्यंत भिंतीला पाठ लावून उभा."

"हृदयाच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

"डॉक्टर चांगला असेल."

"नव्या घराच्या वेळी?"

"गवंडी."

"आणि बढतीच्या?"

गुरुजींनी पाटीतलं एक लोंगान उचललं आणि ते सोलू लागले.

"त्याची फळं खाऊ नका," बुआचुम म्हणाली.

गुरुजींनी फळ परत ठेवलं.

कोपऱ्यात सायफिनचा फोटो होता. बँकॉकला शिकायला गेलेली त्यांची एकुलती एक पोर. ती तिकडे असताना एका मे महिन्यात लष्कराने मोर्चावर गोळ्या चालवल्या, तेव्हा एका अधिकाऱ्याने तिला दंडाला धरून ट्रकमध्ये चढवलं. तिच्या मैत्रिणीने ते पाहिलं, त्याच्या छातीवरचं नाव वाचलं: वोरपोत. ट्रक कुठे गेला ते कोणी सांगितलं नाही. प्रेत मिळालं नाही, राखही नाही.

पुढे तोच अधिकारी मुहूर्त विचारत दारात आला, तेव्हा गुरुजींना वाटलं, न्याय आपल्या पायांनी चालत घरी आला. तो आपल्याला ओळखेल अशी भीती त्यांना कधी वाटली नाही. इकडे माणूस नावानेच ओळखला जातो. ज्योतिष्याचं आडनाव विचारतो कोण?

सायफिनचं दहन झालेलं नव्हतं. त्यामुळे ती कुठे गेलेलीही नव्हती. बुआचुम रोज फोटोपुढे लाल सोड्याची बाटली ठेवी, स्ट्रॉ घालून. संध्याकाळपर्यंत बाटली बोटभर उतरलेली असे.

"मुंग्या," गुरुजी म्हणत.

"मुंग्या स्ट्रॉने पितात होय?"

बुधवारी सूर्य मावळला. दोघं टीव्हीसमोर बसून राहिली. मालिकेत सासूने सुनेला विष घातलं आणि सून भूत होऊन परत आली. रणगाडे आले नाहीत.

गुरुवारी सुनेने सासूला झाडावर टांगलं. रणगाडे आले नाहीत.

शुक्रवारी सकाळी बातम्या मध्येच तुटल्या आणि कवायतीची गाणी लागली. मग वोरपोत दिसले, पूर्ण गणवेशात. राज्यघटना रद्द झाली आहे, असं त्यांनी वाचून दाखवलं. सगळीकडे शांतता आहे. लोकांनी नेहमीप्रमाणे कामावर जावं.

"ही घटना किती टिकली हो?" बुआचुमने विचारलं.

"आपल्या फ्रिजच्या आधी गेली."

गुरुजींनी पंचांग ओढून त्या दिवसाचं पान काढलं.

"शुक्रवार, सकाळी," गुरुजी हळूच म्हणाले. "खरी वेळ द्यायची असती तर मी हीच दिली असती."

"म्हणजे त्याने तुमचं ऐकलंच नाही."

"कधीच ऐकलं नसेल. घर, लग्न, हृदय, आपण बघायला कुठे होतो?" गुरुजींचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे माझं शास्त्र खोटं नाही!"

बुआचुमने त्यांच्याकडे असं पाहिलं की तो उजेड जागीच विझला.

कोपऱ्यात स्ट्रॉमध्ये हवा गुरगुरली. त्या दिवशी मुंग्यांचं नाव कोणी काढलं नाही.

"पळून जाऊ या का?" गुरुजींनी विचारलं.

"कुठे? आता सगळा देशच त्याचा झालाय."

पुढच्या आठवड्यात जनरल आले. या वेळी गणवेशात, हातात मोगऱ्याची माळ. गल्लीच्या दोन्ही टोकांना सैनिक होते आणि शेजारच्या बायका त्यांच्यासोबत फोटो काढून घेत होत्या.

जनरल चटईवर बसले. माळ गुरुजींच्या हातात दिली.

"निवडणूक घ्यावी म्हणतो. आपल्या सोयीची. दिवस काढून द्या."

गुरुजींनी पंचांगाला हात लावला नाही. "बुधवार तुम्ही पाळला नाहीत."

"नाही."

"हृदयाच्या वेळी?"

"तुमची वेळ मी कधीच पाळली नाही, गुरुजी. तुम्ही वेळ सांगता, मी ती टाळतो. म्हणून तर जिवंत आहे."

पडद्यामागे काहीतरी पडलं. जनरलांनी तिकडे पाहिलं नाही.

"शहरात बाकीचे ज्योतिषी आहेत की," गुरुजी कसेबसे म्हणाले.

"ते मला खूश करायला बघतात. त्यांची वेळ कधी बरी निघते, कधी वाईट. तुमच्याइतकं मनापासून माझं वाईट चिंतणारा दुसरा कोण मिळणार मला?" जनरलांनी कोपऱ्यातल्या फोटोकडे वळून हात जोडले. "आणि बाबांचा हिशेब कधी चुकत नाही, असं सायफिन ट्रकमध्ये सारखी सांगत होती."