न वाचलेले लेख

"आधी त्यातलं सगळं पुसून टाक, मग देऊन टाकू कुणालातरी," आई दारातून म्हणाली.

मुलगी कॉम्प्युटरपुढे बसली होती. बाबा जाऊन पाच महिने झाले, तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तिने धूळ झटकली, इंटरनेट जोडलं आणि बाबांचा मेलचा प्रोग्राम उघडला.

पत्रांच्या खाली एक वेगळा कप्पा होता. बाबा जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासत, छपाईआधी चुका शोधत आले. बातम्या आणि ब्लॉगसुद्धा त्यांनी मेलमध्येच मागवून ठेवले होते. नवा लेख निघाला की पत्रासारखा येऊन पडायचा. न वाचलेला ठळक अक्षरांत, वाचलेला साध्या. आता पाच महिन्यांचं तुंबलेलं एकदम येऊ लागलं. वर्तमानपत्रं, छपाईवरचे ब्लॉग, शब्दकोडी. सगळं ठळक.

सगळ्यात खाली तिचा स्वतःचा ब्लॉग होता.

डोंगरावरच्या हवामान केंद्रात ती नोकरीला निघाली, त्या दिवशी बाबा म्हणाले होते, "जा. पण तुझं एक अक्षर मी वाचणार नाही." त्यानंतर दोघं बोललेच नाहीत. तिथलं धुकं, वारा, तिचं एकटेपण ती ब्लॉगवर लिहीत राहिली. बाबांच्या या कप्प्यात ते पहिल्या लेखापासून होतं. बाबा होते तोवरचं सगळं वाचलेलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं," आई जवळ येत म्हणाली.

ते गेल्यानंतरचे तिचे लेखही आता येऊन पडले. ठळक. दोघी बघत असताना त्यातला सगळ्यात जुना साधा झाला. मग त्याच्यानंतरचा. मुलीने माऊसवरून हात काढला. तरी पुढचा साधा झाला. छोटा लेख पटकन व्हायचा, मोठ्याला वेळ लागायचा.

"बिघडलंय बहुतेक," ती म्हणाली.

"असंच वाचायचे ते," आई हळू म्हणाली. "अक्षर न् अक्षर लावून. घाई कधी माहीतच नाही."

शेवटी एकच लेख उरला. तो तिने गेल्याच आठवड्यात, फार दिवस टाळून, लिहिला होता. 'मी शेवटच्या भेटीला का आले नाही.'

तो ठळकच राहिला. बाहेर रस्त्यावरून एक गाडी गेली. खोलीत पुन्हा शांतता झाली. लेख ठळकच. मुलीचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला, तसं आईने तिचं मनगट धरलं.

"राहू दे. होऊ दे त्यांचं वाचून."

बाबांच्या खुर्चीतून मुलगी हळूच उठली आणि बाजूला उभी राहिली.