आडभिंत

गिऱ्हाइकासमोर धाकट्या भावानं अक्कल काढली, म्हणून थोरल्या सुतारानं वर्कशॉपच्या मधोमध फळ्यांची भिंत घातली. धाकटाही इरेला पेटला. त्यानं आपल्या बाजूनं आणखी स्क्रू पिळून ती पक्की केली. तेव्हापासून बोलणं बंद.

त्या रविवारी चर्चमध्ये पाळकांनी सांगितलं, आधी भावाशी समेट करा, मगच प्रभुभोजनाला या. भाकरीचं ताट समोर आलं, तरी थोरल्याचा हात पुढे होईना. तो तसाच उठला, वर्कशॉप उघडलं आणि बाह्या सरसावून स्क्रू काढायला बसला. फक्त आपल्या बाजूचे हं! मग धाकट्याला निरोप धाडायचा, तुझे तू काढ. सगळं पडतं आपणच का घ्यायचं?

शेवटचा स्क्रू सुटला आणि अख्खी भिंत पलीकडे कलंडली. तिकडून दोन हातांनी ती अलगद झेलली. चर्चमधून मागोमाग आलेला धाकटा आपल्या बाजूला उभा होता.

"अरे, तुझ्याकडचे स्क्रू?" थोरल्यानं विचारलं.

"ते मी केव्हाच काढलेत, दादा. ही इतके दिवस तुझ्याच स्क्रूंवर उभी होती."