गवताला लागलेला पाय

“पाय टेकवा, काका,” ज्योती म्हणाली.

उत्तमसिंगने टेकवला नाही. कमरेइतक्या उंच दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये तो उजव्या पायावर उभा होता. डावा पाय गुडघ्यात वाकवून त्याने जमिनीपासून वीतभर वर धरला होता. हात दांड्यांना लागलेही नव्हते.

हिंगोलीच्या त्या दवाखान्यात ज्योती माणसांना पुन्हा चालायला शिकवत असे. गोठ्यात घसरून पडल्याने उत्तमसिंगच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं. ते आता जुळलं होतं. एक्स-रेमध्ये ते स्पष्ट दिसत होतं. दुखत नाही, असं तो स्वतःच सांगत असे. पण भार पडला नाही तर पायाचे स्नायू झिजतात. त्याची डावी मांडी उजवीपेक्षा बारीक झाली होती. असंच चालू राहिलं तर कुबडी कायमची, असं डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, संगिताला, सांगून टाकलं होतं.

घाबरलेले रुग्ण ज्योतीने पुष्कळ पाहिले होते. अशांना ती एका पायावर उभं करून ठेवत असे. थोड्या वेळाने तोल जातो आणि दुसरा पाय आपोआप खाली येतो. त्यात धाडसाचा भाग नसतो, शरीर स्वतःला सावरतं. उत्तमसिंगचा तोल जात नव्हता. अडचण तेवढीच होती.

“यांचा तोल न्हाई जाणार, मॅडम,” कोपऱ्यातल्या स्टुलावरून संगिता म्हणाली. “मोटारसायकलवर गेलाय जलम.”

तरुणपणी आपल्या तांड्यावरून जवळच्या गोरेगावला तो दूध नेत असे. वाट टेकडीची, दगडांची. गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅन. पाय टेकला की गाडी कलते आणि दूध सांडतं, म्हणून तो पाय टेकत नसे. पुढे औंढ्याच्या डोंगरात चार दिवसांची मोटारसायकल स्पर्धा भरली. तिच्यात वेगाला किंमत नव्हती. ओढ्यातल्या दगडांवरून, घळीतून सावकाश गाडी काढायची आणि पाय जमिनीला लावायचा नाही. प्रत्येक टप्प्यावर एक निरीक्षक फक्त पायाकडे बघत उभा असे. पाय लागला नाही तर तो मूठ वर धरी. एकदा लागला तर एक बोट. ज्याची बोटं सर्वांत कमी, तो पहिला.

उत्तमसिंग कॅनचे हूक काढून दुधाचीच गाडी घेऊन गेला. शेवटच्या टप्प्यापर्यंत तो आणि पुण्याचा एक स्वार बरोबरीत होते. पुण्याचा स्वार आधी गेला. त्याला मूठ मिळाली. त्या टप्प्यावरचा निरीक्षक नरसी गावचा शाळामास्तर होता, धम्मानंद. उत्तमसिंगचा मित्र. त्याला गाडी शिकवली होती ती उत्तमसिंगनेच.

ओल्या काळ्या दगडावर मागचं चाक सरकलं. डावा पाय खाली गेला आणि लगेच वर आला. धम्मानंदने एक बोट वर केलं.

उत्तमसिंगने हरकत घेतली. पाय गवताला लागला, जमिनीला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. हरकत फेटाळली गेली आणि तो दुसरा आला. त्यानंतर तो धम्मानंदशी बोलला नाही. गोरेगावच्या बाजारात दोघं समोरासमोर आले तर तो भाजीकडे बघत असे. गवताची गोष्ट मात्र भेटेल त्याला सांगत असे. ज्योतीने ती पहिल्याच दिवशी ऐकली होती.

दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला. धम्मानंद आत आला. त्याचे केस पांढरे झाले होते.

उत्तमसिंगने तोंड भिंतीकडे वळवलं. “याला काहून बोलावलं?”

“मी बोलावलं,” संगिता म्हणाली. “तुमी माझं ऐकत न्हाई, डॉक्टरचं ऐकत न्हाई, या पोरीचं ऐकत न्हाई. नुसतं गवत सांगून राहिले. ज्यानं तवा पाह्यलं, त्यालाच आता दाखवा.”

धम्मानंदने नमस्कार केला नाही की तब्येत विचारली नाही. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि दांड्यांच्या टोकाशी उकिडवा बसला. नजर उत्तमसिंगच्या डाव्या पायावर.

“आज तरी नीट पाह्य, मास्तर. चष्मा लागलाय तुला.”

“पाहून राहिलो. तवाबी पाहतच व्हतो.”

पाय वीतभर वरच राहिला. वर पंखा फिरत होता. ज्योती काही बोलणार होती, पण संगिताने तिला हाताने थांबवलं.

बऱ्याच वेळाने धम्मानंदने हात वर केला. मूठ बंद होती.

“घे. हीच पाह्यजे व्हती ना तुला? घे आता. जिंकला तू.” मग तो संगिताकडे वळला. “वहिनी, न्या याला घरी. कुबडी तेवढी मजबूत घ्या. लई वर्षं टिकली पाह्यजे.”

मूठ त्याने खाली घेतली नाही. उत्तमसिंग तिच्याकडे बघत राहिला. इतक्या दिवसांत प्रथमच त्याचे हात दांड्यांवर आले आणि बोटं आवळली गेली. डाव्या पायाचा चवडा खाली आला. मग टाच. गुडघा थरथरला आणि थांबला. ज्योतीने त्याच्या कमरेकडे पाहिलं. दोन्ही बाजू एका पातळीत होत्या. भार पडला होता. पायाखाली पांढरी फरशी होती.

धम्मानंदची मूठ उघडली. एक बोट वर झालं.

उत्तमसिंगने हरकत घेतली नाही.