थंडी जाते कुठं

“मीठ बरोबर पडलंय.”

सत्तावीस वर्षांपूर्वी, सिल्लोडजवळच्या खेड्यात, नव्या सुनेच्या हातची पहिली आमटी चाखून मनकर्णाबाई एवढंच बोलल्या होत्या. तो आवाज वच्छलाच्या कानात अजून होता. कारण त्यानंतर सासूच्या तोंडून तिच्यासाठी चांगला शब्द निघाला नव्हता. वाईटही नाही. भरलेलं ताट पुढं जाई, रिकामं होऊन मागं येई.

आता शहरात, मुकुंदवाडीतल्या घरात ती बन्सी मेकॅनिकचं स्टूल धरून उभी होती. खिडकीतला एसी सकाळपासून घरघरत होता आणि खोली काही गार होत नव्हती.

गेल्या मे महिन्यात मनकर्णाबाई उन्हानं चक्कर येऊन पडल्या, तेव्हाच वच्छलानं मनाशी ठरवलं होतं. शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या पोरांचे ती डबे करायची. त्या कमाईतून तिनं हा वापरलेला एसी घेतला आणि झोत सासूच्या खाटेवर येईल असा बसवून घेतला. नवरा, रामकिसन, रोज कामावरून आला की झोतापुढं हात धरायचा आणि म्हणायचा, तुला गंडवलंय. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. खाटेवरून एकदा तरी ‘बरं वाटतं गं’ एवढं यावं, इतक्यावर तिचा जीव टांगला होता.

बन्सीनं जाळी धुतली. कॉइलवरची धूळ ब्रशनं झाडली. बाहेर जाऊन कॉम्प्रेसरला कान लावून आला. मग झोतापुढं हात धरला आणि तसाच उभा राहिला. मशीनला काही झालेलं नाही, तो म्हणाला. थंडी चांगली तयार होतेय, ती जाते कुठं ते बघायला पाहिजे.

त्यानं देवापुढची उदबत्ती मागून घेतली. पेटवून खोलीच्या मधोमध धरली. धूर क्षणभर घुटमळला, मग माहेरची वाट सापडल्यासारखा मागच्या भिंतीकडं निघाला आणि तिथल्या दुसऱ्या खिडकीच्या पडद्याआड गेला. बन्सीनं पडदा सारला. ही खिडकी पूर्वी परसात उघडायची. पुढं परसावर पत्रे टाकून स्वयंपाकघर केलं, तेव्हापासून ती ओट्याशी उभं राहणाऱ्याच्या पाठीशीच उघडत होती. तिचं दार चार बोटं उघडं होतं.

“आजी, अख्खी मुकुंदवाडी गार करायला निघालात की काय?” बन्सी हसला.

मग त्यानं वच्छलाला समजावलं. कूलरची सवय आहे ही, वहिनी. कूलरला खिडकी उघडी लागते, याला बंद लागते. ज्या घरात म्हातारं माणूस, त्या घरात हीच तक्रार. वच्छलानं तेच सगळं मोठ्या आवाजात सासूला सांगितलं, लेकराला सांगावं तसं. मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला आणि नुसतं व्हय म्हणाल्या.

बन्सी खिडकी लावून, चहा पिऊन गेला. दहा मिनिटांत खोली रांजणाच्या पोटासारखी गार झाली. वच्छला खाटेच्या पायथ्याशी बसून घडी घातलेल्याच कपड्यांच्या परत घड्या घालत राहिली. मनकर्णाबाई भिंतीकडं तोंड करून पडून होत्या. मग डब्यांची वेळ झाली म्हणून ती उठली.

पहिली भाकरी तव्यावर पडली. दुसरी थापताना मानेवरून घामाची धार सुटली. तिसरीला डोळे चुरचुरायला लागले. तिनं वर बघितलं. पाडव्याला पत्र्यांवर चुना मारून घेतला होता. यंदा चुन्यानं किती फरक पडला म्हणून शेजारच्या आवडाबाईला ती रोज सांगायची, तूही मारून घे म्हणायची. आवडाबाईनं मारून घेतला. तिला काही गुण आला नाही, तेव्हा वच्छला म्हणाली होती, तुझा पातळ झाला असंल. आज तोच चुना होता, तेच पत्रे, आणि अंग भाजत होतं.

पाठीमागं कडी वाजली.

खिडकीचं दार आधी चार बोटं उघडलं, मग सगळं. ओल्या पाठीवर गार वारा आला. वच्छला वळली. मनकर्णाबाई खाटेवरून आपल्या आपण उठून, गज धरून पलीकडं उभ्या होत्या.

“आत्याबाई, आत्ताच तर सांगितलं. खिडकी बंद ठेवायची असती.”

“ठाऊक हाय मला. बसवला त्याच दिशी तू सांगितलं व्हतंस.”

“मग?”

तव्यावरची भाकरी करपायला लागली. दोघींपैकी कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. मनकर्णाबाईंनी गज घट्ट धरला. शब्द ओठांपर्यंत आला, मागं फिरला, परत आला.

“तू इथं भाजायचं अन् म्या तिथं गार वाऱ्यात लोळायचं, हे मला पचत नाय,” त्या म्हणाल्या. “लई बरं झालं गं वच्छला, तू या घरात आलीस.”