पाठमोऱ्या माणसाचा क्लोजअप

चित्रपटात नाही:

"कल्ले काढायचे नाहीत," तो म्हणाला. "कल्ल्यांत माझा जीव आहे."

"गायक वेष पालटून लपलाय म्हणे. कल्ले ठेवून कुणी लपतं का?" मेकअपवालीनं वस्तरा ओला केला. ती त्याची बायको. नवऱ्याच्या गळ्याशी वस्तरा आहे आणि नवऱ्याला हलता येत नाही, एवढंच सुख तिला सध्या होतं. कारण तो बोलला तो त्याचा आवाज नव्हता. जाड, लोणी लावलेला, अर्धे शब्द गिळणारा तो आवाज गायकाचा होता.

चित्रपटांत आहे, एकाच नाही, कितीतरी:

रॉक अँड रोलचा तो गायक, सगळे ज्याला राजा म्हणायचे, भर कार्यक्रमात गाणं अर्धवट टाकून मागच्या दारानं गेला. पुन्हा कुणाला दिसला नाही. मेला म्हणावं तर प्रेत नाही. मग काय, चित्रपटवाल्यांना कुरणच मिळालं. एका चित्रपटात तो दीपगृहात राहतो. एकात बेकरी चालवतो. एकात भूत होऊन नवशिक्याला गिटार शिकवतो. नट बदलले. पाठ मात्र प्रत्येक वेळी एकाच माणसाची, कारण तसे खांदे दुसऱ्या कुणाला नव्हते. मागच्या दारानं जाणारा पाठमोरा राजा म्हणजे हा, पंखे दुरुस्त करणारा, मेकअपवालीचा नवरा.

चित्रपटांत नाही:

आधी तो फक्त सेटवर तसा बोलायचा. मग दुकानात. मग बँकेत, दवाखान्यात, मुलीच्या सासरी. गिऱ्हाईक हसायचं, पंखा घेऊन जायचं आणि दुसरीकडे दुरुस्तीला टाकायचं. एकदा मुलगी आली, बापासमोर तासभर बसली आणि जाताना दारात हळूच म्हणाली, "आई, बाबा कधी येणार गं?"

झोपेतही तो त्याच आवाजात बरळत कुशीवर वळायचा.

या वेळी दिग्दर्शकानं त्याला पहिल्यांदाच चेहरा दिला होता. लपलेला राजा म्हातारपणी आईकडे परत येतो, त्याचा चेहरा. शेवटचं दृश्य. आई विचारते, "तूच ना रे?" आणि तो म्हणतो, "होय आई, मीच."

एका बाजूचा कल्ला खाली पडला. आरशात बघत तो म्हणाला, "आज सांगून टाकतो. कॅमेऱ्यासमोर. मग कुणाची टाप आहे नाही म्हणायची?"

"काय सांगून टाकता?"

"मी कोण आहे ते."

तिचा हात थांबला. मग तिनं दुसरी बाजूही साफ केली. 'होय आई, मीच' हे वाक्य एकदा फिल्मवर चढलं की नवरा गेला, हे तिला कळत होतं. मेकअपवालीनं ओरडायचं नसतं, हेही कळत होतं.

"उरका रे लवकर," आईचं काम करणारी म्हातारी नटी स्वयंपाकघराच्या सेटवरून ओरडली. "कॅमेऱ्याला माझं तोंड हवंय. गुडघ्यांचे पैसे कुणी दिलेले नाहीत."

"मावशी, एकच शॉट," दिग्दर्शक म्हणाला.

"गेल्या खेपेलाही एकच होता, लबाडा."

चित्रपटात आहे:

तो दारातून येतो. म्हातारी उठते. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरते. तिची बोटं कानांजवळ जातात, जिथं कल्ले असायचे तिथं. ऊन न लागलेली, पांढरी पडलेली कातडी. बोटं शोधत राहतात. तिचे डोळे भरून येतात.

"तूच ना रे?"

तो डोळे मिटतो.

"बोल की. माझाच ना तू?"

त्याच्या ओठाची एक कड वर जाते, राजाची जायची तशी. मग खाली येते.

"नाही हो, आई," तो म्हणतो. आवाज बारीक आहे, किंचित नाकातला. "मी तो नाही. मी पंखे दुरुस्त करतो."

चित्रपटात नाही:

पावडरचा डबा मेकअपवालीच्या हातातून पडला. ध्वनिमुद्रकानं रागानं मागं बघितलं. हा आवाज बायकोशिवाय सेटवर कुणाच्याच ओळखीचा नव्हता. दिग्दर्शकाचा हात वर गेला होता, तोंड उघडं होतं, "कट" मात्र बाहेर पडला नाही. म्हातारी मुरलेली होती. कट ऐकल्याशिवाय ती मरणाऱ्यालाही मरू देत नसे.

चित्रपटात आहे:

"मग आलास कशाला रे, मेल्या?" ती विचारते. हात काढत नाही.

"चुकलं," तो म्हणतो. "तुमचा मुलगा समजून लोक बघायचे माझ्याकडं. बरं वाटायचं."

"घरी आहे का कुणी?"

"आहे."

"मग तिकडं जा."

तो मान हलवतो. शर्टाच्या बाहीनं नाक पुसतो. वळतो, पण मागच्या दाराकडं नाही. सरळ कॅमेऱ्याच्या कडेला, अंधारात बघतो.

"अगं, भूक लागलीय. घरी काय आहे?"

इथंच चित्रपट संपतो. दिग्दर्शकानं हाच शेवट ठेवला, आणि आपल्याला तो आधीपासून सुचला होता असं तो मुलाखतींत सांगतो. हा प्रश्न राजा मृत्यूला विचारतो, असं एका समीक्षकानं लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं, हरवलेल्या तारुण्याला. पडद्यावर उत्तर ऐकू येत नाही, पंख्यांच्या दुकानातही त्याबद्दल कुणी विचारलेलं नाही.

चित्रपटात नाही:

"अहो," मेकअपवाली म्हणाली, "आधी चला तर."