दरवाजा कोणी उघडला

“पुराच्या दिवशी धरणाचा दरवाजा कोणी उघडला?” पाहुण्याने विचारलं आणि मोबाईल टेबलावर उताणा ठेवला. त्यावर लाल ठिपका लुकलुकत होता. आता शब्द न् शब्द नोंदला जाणार होता.

बंडूच्या तोंडचं पाणी पळालं. बंडू पन्नाशीला टेकला होता, वीज खात्यात मीटर तपासत होता, पण घरीदारी अजून बंडूच होता. हा प्रश्न आज ना उद्या कोणीतरी विचारणार, ही धास्ती त्याने शाळेत असल्यापासून बाळगली होती. अलीकडे मात्र तो जरा गाफील झाला होता. मग परवा कोपऱ्यावरच्या न्हाव्याने सांगितलं, सरकारी गाडीतून कोणी आला होता, तुझ्या वडिलांची चौकशी करत होता. तेव्हापासून बंडूला घास गिळवत नव्हता.

दरवाजा त्याच्या वडिलांनी, अण्णांनीच उघडला होता. धरणाचे दरवाजे उघडायचे नि मिटायचे हेच त्यांचं काम. त्या दिवशी खरं तर त्यांची सुट्टी होती, पण पावसाचा रंग बघून ते आपणहून धरणावर गेले. तिथे त्यांचा कामावरचा जोडीदार एकटाच होता. पाणी काठाला लागलेलं, आणि वरून हुकूम, की दरवाजाला हात लावायचा नाही. कारण काय, तर खाली नदीकाठी राष्ट्राध्यक्षांच्या मेव्हण्याचा नवा कोरा कारखाना उभा होता. अण्णांनी हात लावला. कारखाना बुडाला, धरण टिकलं आणि खालचं शहर वाचलं. शहराला त्याचा पत्ताही नव्हता. मेव्हण्याला मात्र होता. त्याच्या माणसांनी जोडीदाराला उचलून नेलं. तो परत आला तो काठी टेकत, आणि पुढे जन्मभर काठी टेकतच चालला. पण त्याने अण्णांचं नाव घेतलं नाही.

पुढे राष्ट्राध्यक्ष गेले, मेव्हणाही परदेशी पळाला. बंडूचा मात्र कशावरच विश्वास नव्हता. खुर्चीत कोणीही बसो, चौकशीला येणारा माणूस असाच गोड बोलणारा आणि असाच इस्त्रीच्या कपड्यातला असतो, असं त्याचं ठाम मत होतं.

“तुमच्या वडिलांचे जोडीदार मागच्या महिन्यात गेले,” पाहुणा म्हणाला. “जाण्याआधी त्यांनी दरवाजा उघडणाऱ्याचं नाव सांगितलं. तुमच्या वडिलांचं.”

इतकी वर्षं गप्प राहिलेला माणूस मरताना का बोलला असेल? पाहुणा शांतपणे पुढे सांगत होता, की एकाच्या सांगण्यावर भागत नाही, घरच्या कोणाचा तरी दुजोरा लागतो. बंडूच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली. सगळं आता आपल्या जिभेवर आहे. अण्णा ऐंशीच्या घरातले. त्यांना उचलून नेलं तर ते काठी टेकतही परत येणार नाहीत.

“अण्णा त्या दिवशी घरीच होते,” तो म्हणाला. “तापाने फणफणले होते. धरणावर गेलेच नाहीत.”

पाहुण्याने पुन्हा विचारलं. सरकारी चौकशीत खोटं सांगितलं तर नोकरी जाते, वेळ आली तर तुरुंगही होतो, याचीही आठवण करून दिली. तरी बंडूने ‘नाही’ म्हणून मान हलवली आणि वर पोराबाळांची शपथ घेतली.

पाहुण्याचा चेहरा पडला. शिकार हातची गेली, असं वाटून बंडूला आतून जरा बरंसुद्धा वाटलं.

“वाईट वाटतं हो,” पाहुणा म्हणाला. “देशातला सगळ्यात मोठा सन्मान द्यायचा ठरलंय त्या माणसाला. एक अख्खं शहर वाचवलंय त्याने. हे आधी सांगायची आम्हाला मुभा नाही. सांगितलं तर घरोघरी दरवाजा उघडणारे निघतील.”

बंडू बसल्या जागी थिजला. अण्णांच्या हक्काचं ताट त्याने आपल्या हाताने त्यांच्यापुढून ओढून घेतलं होतं. मी खोटं बोललो, एवढं म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण डोळ्यापुढे नोकरी आली, कोठडी आली, शिकत असलेली पोरं आली, आणि तोंड तसंच मिटलं. स्वतःची त्याला किळस आली.

तेवढ्यात पडदा सरकला. अण्णा बाहेर आले. आतल्या खोलीत उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे त्यांच्याकडे बघूनच कळत होतं. पाहुणा अदबीने उभा राहिला. आता आलाच आहात तर तुम्हीच एकदा सांगा, म्हणाला. मोबाईलवरचा ठिपका अजून लुकलुकत होता.

अण्णांनी खरं सांगितलं, तर बंडू खोटा ठरणार होता. नाही सांगितलं, तर जन्मभर तो अण्णांच्या नजरेला नजर देऊ शकणार नव्हता.

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत. मग खुर्चीची पाठ धरून ते हळूहळू बसले.

“मुलगा सांगतो ते खरं आहे साहेब. मी अंथरुणाला खिळलो होतो. दरवाजा माझ्या जोडीदारानेच उघडला. त्याच्या बायकोला बोलवा, सन्मान तिच्या हातात द्या.”

“पण त्यांनी तर स्वतः तुमचं नाव सांगितलं.”

अण्णांचा आवाज पहिल्यांदाच कापला.

“तसाच होता तो. पण तुम्हीच विचार करा साहेब, दुसऱ्यासाठी इतका मार कोणी खातं का?”